घरी बनवलेल्या गाडीला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर कोणता लावावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटच्या बाजूला आमच्या वाडीवर लोखंडी पाइपाच्या चेसिसवर मारुती ८००चं इंजिन बसवून आम्ही एक गाडी बनवली. शेतात फिरते, कापसाची गाठोडी आणते. गाडी चालू झाल्यापासून आसपासच्या हौशी मंडळींचे फोन येतात, आणि चारातले तीन फोन पेट्रोलच्या प्रेशरबद्दलच असतात. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं ही डोळ्यांना दिसणारी कामं लोक बरोबर जमवतात. नळीतलं प्रेशर दिसत नाही, त्यामुळे गाडी तिथे अडते. ज्या प्रश्नांची उत्तरं पुन्हापुन्हा दिली, ती इथे लिहून ठेवतो.

रेग्युलेटर नेमकं करते काय, भाऊ?

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला हे अर्धं आधीच ठाऊक आहे. विहिरीवरची मोटर पाच एचपीची, आणि चालू असलेला प्लॉट एकरभराचा. सगळं पाणी नळ्यांत ढकललं तर जोड निघतात, ड्रिपर उडतात. म्हणून फिल्टरपाशी बायपास असतो. मीटरवर एक किलो दिसेपर्यंत आपण तो उघडतो आणि जास्तीचं पाणी परत विहिरीत सोडतो.

गाडीतला रेग्युलेटर हाच बायपास, फक्त हाताने फिरवावा न लागणारा. आत एक डायफ्राम असतो, त्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. पेट्रोलचा जोर स्प्रिंगपेक्षा वाढला की डायफ्राम मागे सरकतो, परतीचं भोक उघडतं आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत जातं. जोर कमी झाला की भोक बंद.

दुसरा प्रकार परतीची नळी नसलेला. तो पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये बसतो आणि पुढे जाणारं पेट्रोलच अडवतो. कार्ब्युरेटरला चालतो. इंजेक्शनच्या इंजिनाला, म्हणजे जिथे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतात तिथे, रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीच्या) आधी असा अडवणारा रेग्युलेटर लावू नका. इंजेक्टर उघड-मिट करतात तसं प्रेशर नाचत राहतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रेग्युलेटर प्रेशर बनवत नाही, ते पंप बनवतो. पंपच दोन किलो देत असेल तर रेग्युलेटरवरचा प्रेशर सेट करायचा स्क्रू कितीही पिळा, तीन किलो होणार नाहीत. आमच्याकडे एकाने स्क्रू पार शेवटपर्यंत आवळला होता. दोष निघाला पंपाला दिलेल्या बारीक वायरीत. पंपापर्यंत साडेदहा व्होल्टच पोचत होते.

माझ्या गाडीला लागतेच का?

इंजिनावर अवलंबून आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुतीचं इंजिन असेल आणि त्यावरचा मूळ मेकॅनिकल पंप शाबूत असेल, तर नाही लागत. त्या पंपाच्या आतली स्प्रिंगच प्रेशर ठरवते. विषय संपला, पैसे वाचवा.

कार्ब्युरेटर आहे पण मेकॅनिकल पंप मेला म्हणून इलेक्ट्रिक पंप लावला, तर आधी प्रेशर मोजा. कार्ब्युरेटरसाठीचा कमी प्रेशरचा पंप असेल तर बहुधा भागतं. पण भंगारातून एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीचा पंप आणून कार्ब्युरेटरला जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो पंप अडवला तर पाच-सहा किलोपर्यंत चढतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारी झडप, अर्ध्या किलोपुढे दम सोडते, पेट्रोल वरून उतू जातं आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. पुढचं सांगायला नको.

एमपीएफआय इंजिन असेल तर रेग्युलेटर लागतोच. मोटरसायकलचं इंजिन बसवणार असाल, तर १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ च्या, बहुतेक सगळ्या बाइक इंजेक्शनच्या आहेत आणि त्यांचा रेग्युलेटर टाकीतल्या पंपाच्या संचातच असतो. तो संच आख्खा उचला, तोडफोड करू नका.

प्रेशर किती ठेवाव?

आधी मोजमापाचा घोळ मिटवू. आपल्याकडचे मिस्त्री ‘किलो’ म्हणतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. इंजेक्टरच्या कागदावर ‘बार’ असतं. परदेशी डब्यावर ‘पीएसआय’. किलो आणि बार जवळजवळ सारखेच, आणि एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. तीन पीएसआय आणि तीन बार यांत साडेचौदा पटींचा फरक आहे, हे डबा उघडायच्या आधी वाचा.

साधे आकडे असे: वेबरसारख्या कार्ब्युरेटरला अडीच ते साडेतीन पीएसआय, मोठ्या अमेरिकन कार्ब्युरेटरला पाच ते सात. एमपीएफआयला अडीच ते चार बार, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या तीन बारच्या आसपास. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मूळ गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे. तोच धरायचा.

“थोडं वाढवलं तर पिकअप वाढते का?” हा जोडप्रश्न लगेच येतो. पेट्रोल वाढतं, ताकद नाही. तेही प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. तीनाचे चार बार केले तर इंजेक्टरमधून साधारण १५ टक्के जास्त पेट्रोल जातं. ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, ते माहीत नसतं. ऑक्सिजन सेन्सर असेल तर तो काही काळ सांभाळून घेईल, नसेल तर प्लग काळे होतील.

नवा घेऊ, का जुन्या गाडीचाच लावू?

ज्या गाडीतून इंजिन काढलं, त्याच गाडीचा रेग्युलेटर हा पहिला उमेदवार. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी समोरचा थोडा हिरमुसतो, कारण त्याने निळ्या-लाल रंगाचा, वर मीटर असलेला रेग्युलेटर मोबाइलवर पाहून ठेवलेला असतो.

मूळ रेग्युलेटर त्या इंजेक्टरसाठी आणि त्या ईसीएमसाठीच ठरवलेला असतो. त्याला स्क्रू नाही, म्हणून तो कोणी पोराने फिरवायची भीती नाही. तो बिघडला तर तसाच नवा तालुक्याला मिळतो. रेलवर दोन बोल्ट, एक ओ-रिंग, काम झालं. ओ-रिंग मात्र दर वेळी नवी, आणि बसवताना तिला पेट्रोल किंवा थोडं इंजिन ऑइल लावून.

हाताने सेट होणारा रेग्युलेटर कधी घ्यायचा? इंजेक्टर बदलले असतील, टर्बो लावला असेल, ईसीएम प्रोग्रॅम होणारा असेल, किंवा रेल स्वतः बनवली असल्यामुळे मूळ रेग्युलेटर बसतच नसेल. घेतलाच तर त्याची रेंज पाहा. होली (Holley) या कंपनीचे कार्ब्युरेटरसाठीचे दोन रेग्युलेटर बाहेरून एकसारखे दिसतात, पण एक १ ते ४ पीएसआयचा आणि दुसरा साडेचार ते ९ चा. वेबरला दुसरा लावला तर स्क्रू पूर्ण सैल करूनही प्रेशर जास्तच राहील. तुमचा आकडा रेंजच्या मधोमध यायला हवा, काठावर नाही.

नामांकित कंपनीच्या नावाची नक्कलही बाजारात भरपूर आहे. ज्याचा डायफ्राम कशाचा आहे हे विकणारा सांगू शकत नाही, तो मी घेत नाही.

रेग्युलेटर चांगला आहे, तरी प्रेशर खाली येत नाही. काऊन?

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मारुती ८०० चं इंजिन ३७ अश्वशक्तीचं. पूर्ण रेसवर, पूर्ण लोडवर ते तासाला साधारण ११-१२ लिटर पेट्रोल खातं. स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, एक लिटरही नाही. आता पंप जर तासाला १०० लिटर ढकलत असेल, तर स्लोवर ९९ लिटर कुठे जाणार? रेग्युलेटरमधून, परतीच्या नळीने, टाकीत. रेग्युलेटरचं मुख्य काम हे परतीचं पेट्रोल वाहून नेण्याचं आहे. आणि लोक परतीच्या नळीलाच सगळ्यात कमी किंमत देतात.

मी तेव्हा कुठून तरी ‘जोरदार’ पंप आणला. तासाला अडीचशे लिटरचा. परतीसाठी घरात पडलेली बारीक नळी वापरली, वर टाकीपाशी तिला काटकोनात वाकवली. मूळचा तीन बारचा रेग्युलेटर, पण मीटरवर सव्वाचार. रेग्युलेटर बदलला, तरी सव्वाचार. पंधरा दिवस मी दुकानदाराला शिव्या दिल्या. शेवटी परतीची नळी सोडून डब्यात धरली, आणि काटा सरळ तीनवर. दोष नळीचा होता.

ठिबकवाल्या माणसाने ही चूक करावी याची मलाच लाज वाटली. बायपासला अर्ध्या इंचाची नळी लावून विहिरीवर पाच एचपीची मोटर कोण चालवतं?

तेव्हा पंप गरजेपुरता घ्या. मूळ गाडीचा पंप पुरतो. परतीची नळी पुरवठ्याच्या नळीइतकीच जाड ठेवा, निदान फार बारीक नको. वाकणं गोल असू द्या. परतीचं पेट्रोल टाकीत पेट्रोलच्या पातळीखाली सोडलं तर फेस कमी होतो.

रेग्युलेटरवरची बारीक व्हॅक्यूमची नळी लावाव का नाही?

इंजेक्टरच्या एका टोकाला रेलचं प्रेशर आणि दुसऱ्या टोकाला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा जाण्याची वाट. स्लोवर मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम असतो, साधारण अर्धा ते पाऊण बार. तो इंजेक्टरमधून पेट्रोल ओढतो. रेग्युलेटरला तीच व्हॅक्यूम दिली की रेलचं प्रेशरही तेवढंच उतरतं आणि दोन्ही टोकांमधला फरक कायम राहतो. म्हणून तीन बारच्या गाडीत स्लोवर काटा अडीचच्या आसपास दिसतो. हा बिघाड नाही. टर्बो असेल तर उलट: पाऊण बार बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) आला की रेलमध्ये पावणेचार.

सेटिंग करताना ही नळी काढायची, तिचं इंजिनाकडचं तोंड बंद करायचं, मग प्रेशर बसवायचं, मग नळी लावायची. नळी जोडलेली असताना तीन बार सेट केलं तर प्रत्यक्षात साडेतीनच्या वर होतं. ही चूक इतकी होते की मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

नंतरच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो, त्याला व्हॅक्यूमची नळी नसते, आणि तो हिशोब ईसीएम स्वतः करते. अशा ईसीएमला व्हॅक्यूमवाला रेग्युलेटर जोडला तर स्लोवर पेट्रोल कमी पडून इंजिन थरथरतं. मूळ गाडीत जसं होतं तसंच ठेवा.

उन्हाळ्यात गाडी बंद पडते. रेग्युलेटर बदलू का?

थांबा. आपल्याकडे नवतपात पारा ४५-४६ वर जातो आणि बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतो. नळीत वाफ झाली की पंप वाफच ढकलतो, आणि गाडी भर दुपारी बाभळीखाली उभी. ओलं फडकं पंपावर टाकलं की दहा मिनिटांत चालू होते, हा उपाय आपल्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला माहीत आहे आणि तो खरा आहे.

पण कायमचा उपाय परतीच्या नळीत आहे. परतीची व्यवस्था असली की पेट्रोल इंजिनाजवळ साचून तापत नाही, सतत फिरत राहतं, वाफही टाकीकडे निघून जाते. म्हणूनच कार्ब्युरेटरच्या गाडीलाही मी आपल्या भागात परतीचाच रेग्युलेटर सुचवतो, जरी अडवणारा स्वस्त आणि बसवायला सोपा असला तरी. काही मेकॅनिकल पंपांना तिसरी बारीक नळी असते, तीही परतीचीच. ती बूच मारून बंद करू नका.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा. हे पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चे. इंजेक्शनच्या गाडीत पंपाच्या पुढे तीन बार असल्यामुळे तिथे पेट्रोल सहजी उकळत नाही. वाफ होते ती पंपाच्या मागे, ओढणाऱ्या बाजूला. नळी सायलेन्सरपासून हातभर लांब. आणि मे महिन्यात टाकी निदान अर्धी ठेवा. फिरून आलेलं गरम पेट्रोल चार लिटरला लवकर तापवतं, पंधरा लिटरला नाही.

आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळते. त्याचा काही त्रास?

आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे नेहमीचं झालं. मारुती ८०० १९८३ साली बाजारात आली. तिचं जुनं रबर या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. साधं रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. डायफ्राम, ओ-रिंग आणि नळ्या फ्लोरोकार्बन रबराच्या घ्या. दुकानात ‘व्हायटन’ म्हटलं की कळतं. इंजेक्शनसाठी नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेलं पाहा. फवारणी पंपाची नळी, गॅसची नळी, लेव्हलची पारदर्शक नळी, यांतली एकही चालत नाही.

इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने गोठ्यात उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. एक तर रिकामी करा, नाहीतर भरून ठेवा. गावात बाटलीने विकलं जाणारं पेट्रोल तर टाळाच. त्यातल्या कचऱ्याने रेग्युलेटरचं भोक पूर्ण मिटत नाही आणि प्रेशर टिकत नाही.

जोड गळते. टेफलॉन टेप किती वेढे मारू?

एकही नाही. टेपचे धागे सुटून थेट रेग्युलेटरच्या सीटवर (परतीचं भोक मिटतं त्या जागी) नाहीतर इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतात.

गळण्याचं कारण बहुतेक वेळा आटे असतात. बाहेरून येणाऱ्या रेग्युलेटरला एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे, आटे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सगळं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं. पाव इंचात एनपीटीचे इंचाला १८ आटे, बीएसपीचे १९. आट्यांचा कोनही वेगळा, ६० अंश आणि ५५ अंश. दोन वेढे छान बसतात, माणूस म्हणतो जमलं, आणि मग पाना लावून ॲल्युमिनियमची बॉडी चिरतो. रेग्युलेटर खिशात घालून दुकानात जा आणि जोड हाताने पूर्ण फिरवून पाहा. एनपीटीला पेट्रोलला टिकणारा पातळ सीलंट लावा. एएन (AN) प्रकारचा जोड ३७ अंशांच्या धातूच्या तोंडावर सील होतो, त्याला काहीच लावायचं नाही.

काय कुठे बसते?

टाकी, जाड जाळीचा फिल्टर, पंप, बारीक फिल्टर, रेल, रेलच्या शेवटी रेग्युलेटर, तिथून टाकी. इंजेक्शनला बारीक फिल्टर १० मायक्रॉनचा, कार्ब्युरेटरला ४० चा चालतो.

प्रेशर मीटर कोणता, आणि ड्रायव्हरसमोर लावता येते का?

इंजेक्शनला ० ते ७ किलोचा, कार्ब्युरेटरला ० ते १ किलोचा. सात किलोच्या मीटरवर पाव किलो वाचायला गेलात तर काटा जागचा हलत नाही. पेट्रोलची नळी ड्रायव्हरच्या पुढ्यात आणू नका, कितीही हौस असली तरी. तिथे आकडा हवाच असेल तर सेन्सर आणि वायरीचा मीटर लावा.

गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर लावून पाहू का?

नको रे बाप्पा. तो वायूसाठी आहे, आणि त्याचं प्रेशर बारच्या तीन टक्क्यांच्या घरातलं. त्याचं रबरही पेट्रोलसाठी बनलेलं नाही.

रेग्युलेटर गेला हे ओळखायचं कसं?

व्हॅक्यूमची नळी काढून वास घ्या. आत पेट्रोल दिसलं किंवा नुसता वास आला तरी डायफ्राम फाटला. त्याआधी काळा धूर आणि घसरलेला ॲव्हरेज ही लक्षणं दिसलेली असतात. असा रेग्युलेटर दुरुस्त करत बसू नका, बदला.

सकाळी गाडी खूप वेळ सेल्फ मारल्यावर लागते? गाडी बंद केल्यावर मीटर पाहा. काटा हळूहळू उतरला तर हरकत नाही, पण क्षणात शून्यावर गेला तर कुठेतरी गळती आहे. पुन्हा प्रेशर चढवा, बंद करा आणि लगेच परतीची रबरी नळी चिमट्याने दाबून धरा. आता काटा टिकला तर दोषी रेग्युलेटर. तरीही पडला तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

काम करताना आगीची काळजी कोणती?

इंजेक्शनची गाडी बंद केल्यावरही रेलमध्ये प्रेशर राहतं. जोड उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग जोडाभोवती फडकं गुंडाळून सैल करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर त्याआधीच काढा. पावडरचा आग विझवणारा सिलिंडर हाताशी ठेवा. बादलीभर पाण्याने पेट्रोल पसरतं, विझत नाही. आणि इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद करणारा रिले लावाच. गाडी उलटली, इंजिन थांबलं आणि पंप तीन किलोने पेट्रोल ओतत राहिला, ही कल्पना एकदा करून पाहा.

डिझेल इंजिनाला हेच सगळं लागू आहे?

नाही. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीतून आत शिरते. त्याला हात लावू नका.

गाडी पासिंग होते का?

कारखान्याबाहेर, एकट्याने बनवलेल्या गाडीला रस्त्यासाठी नोंदणी मिळणं फार अवघड. त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. नोंदलेल्या गाडीत कंपनीच्या नमुन्यापेक्षा वेगळे बदल करण्यावरही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक शब्दांत सांगितलं. आमची गाडी शेताच्या बांधापर्यंत. डांबरी रस्ता ओलांडायचा तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून.

स्क्रू कुठल्या बाजूने फिरवला की प्रेशर वाढते?

आत आवळला की वाढतं, सैल केला की उतरतं. आधी चेक नट सैल करा. पाव फेरा फिरवा, इंजिन स्थिर होऊ द्या, काटा पाहा, मग पुढचा पाव. सेट झाल्यावर स्क्रू धरून ठेवत नट आवळा आणि काटा परत एकदा पाहा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.